पोटातले अजगर

कुंभाराच्या त्या घरात धाकट्या सुनेचं नाव अजगर पडलं होतं. खाते आणि पडून राहते, म्हणून सासूनं ठेवलेलं. माती तुडवायला उतरली की सून धापा टाकत भिंत धरायची, ओठ पांढरेफटक. आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून वाळक्या मातीचा कपचा तोंडात टाकायची. ते एकदा सासूनं पाहिलं नि घर डोक्यावर घेतलं: भांडं व्हायच्या आधीच माती गिळते ही बया! सासऱ्यानं फर्मान काढलं, पुढची भट्टी निघाली की हिला माहेरी पोचवा. नवरा नखं कुरतडत बसला. अशा वेळी नवऱ्यांना नखं बरी सापडतात.

सून उठली आणि एकटी दवाखान्यात गेली. नर्सनं तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाल हवं, तिथं कोरा कागद. मग पाय पाहिले. बोटांच्या बेचक्यांत खाजवून सोललेलं पुरळ. माती खावीशी वाटते का, असं नर्सनं विचारताच सुनेनं मान खाली घातली. लाजतेस कशाला, म्हणत नर्सनं हातात एक डबी दिली आणि तिच्यात काय आणायचं तेही सांगितलं.

तपासणीत जंतांची अंडी निघाली. उघड्यावर कुणी शौचाला बसलं की त्या ओल्या मातीत यांच्या अळ्या होतात, अनवाणी तळव्यातून अंगात शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात. धाप त्याचीच, मातीची हावही त्याचीच. जंतांची गोळी, रक्तवाढीच्या गोळ्या, पायात बूट आणि घराला संडास, एवढं नर्सनं बजावून सांगितलं.

घरी येऊन सुनेनं हे सांगितलं, तर बूट ऐकताच सासरा उसळला. तळव्याला खडा कळतो, बुटाला काय कळणार, कपाळ? तो खोटं बोलत नव्हता. मातीत राहिलेला एक खडा भट्टीत भांडं फोडतो. पण मातीच्या खड्ड्यामागच्या बांधावर घरचे पुरुष रोज सकाळी टमरेल घेऊन बसत, त्याबद्दल तो चकार शब्द काढेना.

मग सूनच बोलली. "अजगर मी नाही, बाबा. अजगर माझ्या पोटात आहेत. आणि ते तुम्ही त्या बांधावर बसून पोसलेत."

सासूनं पळी खाली आपटली.

"पुढची माती मी बूट घालून तुडवते," सून म्हणाली. "एक भांडं जरी तडकलं, तरी माझी पिशवी मीच भरीन."

नवऱ्यानं नखं सोडली आणि कुदळ उचलली. संडासाचा खड्डा त्यानं खणला. सुनेनं गोळ्या घेतल्या. माती पाण्यात कालवून तारेच्या जाळीतून गाळली; खडे वर राहिले, खाली लोण्यासारखा गाळ. तो आटून घट्ट झाला, तोवर तिच्या ओठांवर रंग आला होता. गुडघ्यापर्यंत बूट चढवून ती उतरली. भिंत धरली नाही.

भट्टी उघडली. सासरा एकेक भांडं उचलून टिचकी मारत गेला. खणखणीत. पुढचंही खणखणीत. शेवटचं त्यानं कानाशी धरून दोनदा वाजवलं, मग गुपचूप खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांच्या डब्या दवाखान्यात गेल्या. सगळ्यात जास्त अंडी सासऱ्याच्या डबीत निघाली.

त्या संध्याकाळी सासूनं सवयीनं हाक मारली, "अजगर, जेवायला चल."

सून बुटांवरची माती धूत होती. तिनं मान वर केली नाही.

सासरा मुकाट्यानं हात धुऊन पानावर येऊन बसला.