बर्म्यातल्या रामरावांचे वारस

समोरच्या किसनरावांनी आजोबांच्या नावापुढे ‘वीर सैनिक’ लिहून फाटकावर पाटी लावली आणि आमच्या ह्यांचं अन्न पचेना.

“त्याचा आजा पलटणीत भांडे घासे,” हे म्हणाले. “आपले रामराव त बर्म्यात लढाईत मेले!”

रामराव म्हणजे ह्यांचे चुलत आजोबा. दुसऱ्या महायुद्धात गेले ते परत आलेच नाहीत. ऐंशी वर्षं आमच्या जानेफळ गावात कोणी त्यांचं नाव काढलं नव्हतं. आता रोज सकाळच्या चहाला त्यांचं शौर्य निघू लागलं. आमच्या हर्षलनं पुण्यात बसून, इंटरनेट धुंडाळून, परदेशातल्या युद्धस्मारकाच्या भिंतीवर त्यांचं नाव शोधून काढलं. हे ढसाढसा रडले. सख्खा बाप गेला तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं.

सव्वीस जानेवारीला आमच्या दारात दगडी स्मारक उभं करायचं ठरलं. बाजूला घराण्याच्या वंशावळीचा भलामोठा फ्लेक्स. हर्षलचं पोरगं अजून रांगतं, पण तेही त्यात फोटोसकट. रामरावांच्या फांदीखाली मात्र लिहिलं होतं, ‘निपुत्रिक’.

अहो, त्यांची लेक भिमाआत्या पिंपळगाव राजा गावात चांगली जिवंत आहे! बाप गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. पण आमच्याकडे वंशावळीत लेकी लिहीत नाहीत. त्या दिवाळीला येतात, लुगडं घेतात आणि जातात.

“आत्यांना बोलवायचं ना?” मी विचारलं.

“पाहुनी म्हणून येऊ दे. वारस म्हणून स्टेजवर बसवली अन् उद्या रामरावच्या वाट्याचं वावर मांगितलं त?”

ते वावर दोन पिढ्या आम्हीच पेरतो. ह्यांना रामरावांचं शौर्य हवं होतं, वावरही हवं होतं, फक्त लेक नको होती.

कार्यक्रमाला एक निवृत्त सुभेदार पाहुणे आले. माइकवर म्हणाले, “रामरावांचं सर्वांत जवळचं जे कोणी असेल, त्यांनी हार घालावा.”

हे फेटा सावरत उठले, दोन शब्द बोलायला सुभेदारांकडून माइक घेतला. बायकांच्या रांगेतून आत्याही उठली. काठी टेकत सरळ स्मारकाशी गेली आणि दगडावर हात फिरवू लागली.

“शालू, माह्या बापाचं नाव कुठं हाये व?”

मी तिचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं. तिनं ते तिथून काढलंच नाही. मला रडू आलं आणि ह्यांचा असा संताप आला की विचारू नका.

हे घाईघाईनं तिच्या कानाशी लागले. हातातला माइक चालूच होता.

“आत्या, बाप म्हना, काही म्हना. पन वावराचं नाव काढू नका.”

अख्ख्या गावानं ऐकलं.

“वावर ठेव रे तुले,” आत्या म्हणाली. “बाप तेवढा मले दे.”

दुसऱ्या कोणालाही लाज वाटली असती. ह्यांचा चेहरा उजळला.

“असं हक्कसोड लिहून देता काय?”

“देतो ना. आन कागद. पन मी रामरावची कोन लागतो, ते पह्यले लिही. मंगच आंगठा लावतो.”

सुभेदारांनी खिशातलं पेन काढून ह्यांच्या हातात दिलं.