दुमजली टरफल

संग्रहालयाच्या तळघरात टरफलं कोणी उचलायची, हा प्रश्न कधी पडलाच नाही. बावीस वर्षं ती टरफलबाईच उचलत होत्या. दगड झालेल्या डायनासोरच्या अंड्याचा तुकडा घ्यायचा, उजेड आरपार जाईल इतका पातळ काप करवून घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि टरफलाची घडण पाहून अंडं कोणत्या प्रकारचं ते सांगायचं, हे त्यांचं काम. अंडं बाहेरून हजार सोंगं घेतं, खरं बोलतं ते टरफल, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावांच्या खणांत अंडी लावता लावता बाईंचे केस पिकले. स्वतः ठेवलेलं नाव एकही नव्हतं. म्हणून एका अंड्याच्या कापात पंख्याच्या आकाराच्या स्फटिकांचे एकावर एक दोन थर दिसले, तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं. पंखेवाली अंडी पैशाला पासरी होती, पण दुमजली एकही नव्हतं. नवा प्रकार! नाव बाई ठेवणार, आणि नोंदवहीत ‘कोणी ओळखलं’ या रकान्यात त्या कायमच्या बसणार. त्याचा शोधनिबंध त्याच संध्याकाळी पाठवायचा होता.

सासूबाईंनी तर गल्लीभर दवंडी पिटून ठेवली होती. बाई त्यांना तोंडावर ‘आई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘सासूबाई’. लग्नापासूनची रीत.

दुपारी काप घासणारे काका आले. बोलण्याशी त्यांचा छत्तीसचा आकडा. त्यांनी एक काचपट्टी मुकाट्याने टेबलावर ठेवली.

“हे कुठलं?”

“तेच अंडं. मागची बाजू आज दगडातून सुटली. तीन बाजूंचे काप बघितल्याशिवाय नाव द्यायचं नाही, असं तुम्हीच म्हणता. तुमचे तिन्ही काप एकाच बाजूचे होते.”

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. तो नियम त्यांनीच स्वतःच्या अक्षरात भिंतीवर लावला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि पाषाणांच्या तर त्या जाणकार!

त्यांनी डोळा लावला. एकच थर. रोजचा, ओळखीचा पंखा. बाईंना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. काका उगाचच कपाटाची कडी तपासू लागले.

“हा काप घासताना फुटलाही असता,” ते कडीकडे बघत म्हणाले. “फुटतात कधीकधी.”

“फुटला असता तर गोष्ट वेगळी. फुटला नाही ना?” बाईंनी नाक पुसलं आणि घरी फोन लावला. “आई, गल्लीत सांगून टाका, नवं काही नाही. अंडं अर्धं दुमजली, अर्धं साधंच निघालं.”

“अगं, मग ते धरलेलं अंडं!”

सासूबाईंनी जन्मभर कोंबड्या पाळल्या होत्या.

“कोंबडी भ्याली की अंडं घालतच नाही बघ. आत धरून ठेवते. मग त्याच्यावर परत टरफल चढतं, कुठे चढतं, कुठे नाही. माझी तांबडी मांजर दिसलं की हमखास तसं करायची. एवढं शिकलीस, आणि मला विचारलं नाहीस होय गं?”

बाईंनी फोन ठेवला आणि पहिला काप पुन्हा लावला. खालचा मजला अगदी खणातल्या अंड्यांसारखा. वरचा घाईघाईत चढवलेला, वाकडातिकडा. कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठलीतरी आई कशाला तरी भ्याली असावी आणि तिने अंडं पोटातच धरून ठेवलं असावं. बाई किती वेळ बघत राहिल्या. नाव गेल्याची रुखरुख होती, पण मन कसं निवल्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी निबंध गेला नाही. बाईंनी नोंदवही उघडली. प्रकार: जुनाच, पंखेवाला. शेरा: आईने आत धरून ठेवलेलं असावं. शेवटच्या रकान्यापाशी पेन जरा थबकलं, मग भराभर चाललं.

काकांनी चष्मा वर करून वाचलं. “कोणी ओळखलं: घासणारे काका आणि आई.” स्वतःचं नाव बघून ते कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी विचारलं, “ही आई कोण? अंड्याचीच का?”

“नाही हो,” बाई म्हणाल्या. “माझी.”