आतून मापलेली दमणी

धोंडीरामनं छपराच्या बैलगाडीत, दमणीच्या आत, दोरी धरली, तेव्हा नेकनूरच्या आप्पाराव देशमुखांना हसू आलं. दोरी साधी सुताची, दोन्ही टोकांना गाठी मारलेली. सकाळी लेक बाजेवर पडली होती, तेव्हा धोंडीरामनं ती तिच्या डोक्यापासून टाचेपर्यंत धरली होती आणि नव्या वाकळीचं माप घेतोय असं सांगितलं होतं. शिवकन्या काही दूधखुळी नव्हती. तिनं नुसते डोळे मिटले.

"मानूस आडवं झोपून जाईल का, त्ये बघतो मालक."

"बघ की. दोघं झोपतील."

दमणी आतून खरंच सोयीची होती. नवारीनं विणलेली बैठक, तीवर कापसाची गादी, दोन्ही कडांना धरायला दांडे. बैठकीखाली भाकरीचं गठुडं ठेवायला झाकणाची पेटी, कोपऱ्यात तांब्या अडकवायला कडी, ऊन अडवायला जाड पडदा. धोंडीराम स्वतः आत आडवा झाला, कुशीवर वळला, गादी कोपरानं दाबून पाहिली. दोरी पुरून वर वीतभर जागा उरली. त्याला इतकं बरं वाटलं, की तो तसाच थोडा वेळ पडून राहिला.

शिवकन्या तिसऱ्या खेपेला माहेरी आली होती. आधीची दोन्ही लेकरं पोटातच गेली. आता सातवा सरत आला होता आणि परवापासून अंगावरून जात होतं. साखराबाई सुईणीनं हात टेकले. म्हणाली, "बीडला दवाखान्यात बायकांची डॉक्टरीन हाय, तिथं न्या. पर आडवी न्या. हिसके बसले तर लेकरू जाईल, आन त्याच्यामागं ही बी."

धोंडीरामच्या घरची गाडी कडबा वाहायची. तिच्यात बसलेल्या धडधाकट गड्याचेही दात वाजायचे. धाकटा भाऊ मुंजाजी म्हणाला, बाजेवर घालून खांद्यावर नेऊ. त्यावर धोंडीराम त्याच्या अंगावर धावून गेला. वेशीबाहेर बाजेवर आडवं पडून, लोकांच्या खांद्यावर कोण जातं, हे काय सांगायला लागतं? जित्या लेकीला तसं न्यायचं म्हणजे तिची वाट आपणच दाखवायची. त्याच्या मनात हे घट्ट बसलं होतं.

म्हणून तो आप्पारावांकडे दमणी मागायला गेला. पण मागून मिळेना. "बाईमानसाचा विटाळ झाल्यावर आमच्या घरातलं कोन बसंल तिच्यात? घ्यायची आसंल तर घे. आमची आता मोटार येनार हाय हैदराबादेहून." मोठ्या घरचा विटाळ असाच असतो, वस्तू विकून टाकली की फिटतो. धोंडीरामनं घासाघीस केली नाही. दुभती म्हैस त्यांच्या दावणीला बांधली आणि दमणीला आपले बैल जुंपले.

सरकारी सडकेनं रिकामी दमणी घराकडं अशी चालली, की बैलांनाही आपण काही ओढतोय याचा पत्ता नसावा. धोंडीराम मध्येच मागं वळून कडीला टांगलेला तांब्या बघायचा. तांब्या जेमतेम डुलत होता. त्याचे डोळे भरून आले. मग सडक सुटली आणि गावाकडची पाणंद लागली.

दोन कोसांची ती पाणंद. दोन्हीकडं बाभळीची दाट कुंपणं, आणि मधे गावच्या गाड्यांनी पावसाळ्यात काळ्या मातीत पाडलेल्या, आता वाळून दगड झालेल्या हातभर खोल चाकोऱ्या. दमणीचं डावं चाक चाकोरीत उतरलं. उजवं उतरलंच नाही. ते मधल्या उंचवट्यावर चढून बसलं. तांब्या कडीवरून निसटला आणि गादी घसरून एका कडेला गोळा झाली.

धोंडीराम खाली उतरला आणि बघतच राहिला. दमणी देशमुखांच्या सुनेबरोबर तिच्या माहेराहून आलेली, तिकडच्या सुतारानं शहरातल्या सडकेसाठी बांधलेली. तिची चाकं गावच्या गाड्यांपेक्षा जवळ होती. गावात कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला, की आधी काठी घेऊन चाकापासून चाकाचं अंतर मोजतो, मग बाकीचं बघतो. गेल्या साली एकानं ते मोजलं नव्हतं, तर त्याला धोंडीरामनंच भर पारावर हसून हसून बेजार केलं होतं. आणि आज त्यानं काय मोजलं? गादी.

तो तशीच कलती दमणी घेऊन घरी आला. साखराबाई दारातच उभी होती. "आता थांबू नगा," एवढंच म्हणाली.

शिवकन्येला गादीवर निजवलं. धोंडीरामच्या बायकोनं, बायनाबाईनं, लेकीच्या दोन्ही अंगांना वाकळी लावल्या. पण वेशीपर्यंत जाईतो दमणी दोनदा कलंडता कलंडता वाचली, शिवकन्या कडेच्या दांड्यावर आदळली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून बैलसुद्धा थांबले. मुंजाजीनं कुदळ आणून चाकोरी रुंदवायला घेतली. ढेकूळभर माती निघेना. धोंडीराम चाकाशी बसला आणि कपाळ बडवून घेऊ लागला.

"उटा," बायनाबाई म्हणाली. "चाकं कावून पायजेत? वरचं सोडवा."

"म्हंजे?"

"वरची खोली सोडवा चाकांवरून. वासे घाला खाली. उचला."

"खांद्यावर? येशीतून?"

"लगीन झालं तवा मेन्यात बसून गेली न्हवं ती? तवा बी खांद्यावरच गेलती. तवा तर तुमी वाजंत्री लावलती."

धोंडीराम उठला. त्याचं समाधान झालं होतं असं नाही. भीती होती तिथंच होती, फक्त दुसरा रस्ता उरला नव्हता. भावकीतले पाच जण धावून आले. दोर सोडले, खिळे ठोकून काढले, दोन लांब वासे खाली सारले. पुढची डावी बाजू धोंडीरामनं घेतली. रिकामी चाकं बैलांमागं कलत, आपटत मुंजाजी घेऊन निघाला. त्यांना आपटायला काही हरकत नव्हती.

वेस ओलांडताना धोंडीराम म्हणाला, "गप चालू नगा. मुक्यानं मढं नेत्यात. बोला कायबी. आन खांदेपालट करायची न्हाई, आदीच सांगतो. ज्याचा खांदा त्याचाच."

मग गडी बोलत निघाले. कुणी बैलाच्या खुरांबद्दल बोललं, कुणी तंबाखूबद्दल. एक जण सासऱ्याच्या कंजूषपणाचं तेच तेच तीनदा सांगत होता. घाम डोळ्यांत जात होता, पुसायला हात मोकळा नव्हता. धोंडीराम तेवढा बोलत नव्हता. तो खांद्यानं ऐकत होता. लेक आत जराशी हलली, पाय आखडला, की ओझं किंचित सरकायचं आणि ते त्याला कळायचं. ओझं सरकलं की त्याला धीर यायचा.

अर्ध्या वाटेवर ओझं सरकायचं थांबलं.

त्यानं वाट पाहिली. बाभळीची एक रांग संपून दुसरी लागली. पडद्याशी चालणाऱ्या बायनाबाईकडं त्यानं पाहिलं. तिनंही त्याच्याकडं पाहिलं, पण पडदा उचलायला तिचा हात होईना. बाकीच्यांच्या गप्पाही कधी बंद पडल्या कळलं नाही. सहा जणांच्या पावलांचा नुसता आवाज येत होता, आणि तो आवाज कसला असतो हे साऱ्या गावाला माहीत होतं. लेकीला हाक मारावी आणि उत्तर येऊ नये, यापेक्षा न मारलेली बरी, असं त्याला वाटलं.

मग खांद्यावर ओझं सरकलं. अगदी थोडं, मागच्या अंगाला.

"आबा," आतून आवाज आला, "कावून गप झाले समदे? मला भ्याव वाटतंय."

"बोला रं," धोंडीराम ओरडला. "बोला की."

सडकेवर आल्यावर खोली वाशांसकट चाकांवर चढवली, दोर आवळले, बैल जुंपले. मुंजाजीनं कासरा धरला. दमणी पुन्हा तशीच सरळ, सुरेख चालू लागली. भावकीतले गडी सडकेच्या कडेला खांदे चोळत बसले. बीड अजून लांब होतं आणि गादीखालच्या नवारीतून मधूनच लाल थेंब धुळीत पडत होता.

धोंडीराम मात्र डाव्या कडेच्या वाशाखाली खांदा लावून, वाकून, बैलांच्या चालीनं चालतच राहिला.

"दादा, सोड आता," मुंजाजी म्हणाला. "गाडी सरळ हाय. तुज्या आधाराची गरज न्हाई तिला."

"ठावं हाय," धोंडीराम म्हणाला, आणि त्यानं खांदा काढला नाही.