पाहुणे बसले आणि पाणी उजळलं

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. पण माझ्या उजेडात वाचायला बसू नका, काही दिसायचं नाही! प्रयोगशाळेतल्या एका काळ्या खोक्यात मी राहतो. माझे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. मात्र काही रंगांवर ते पडले, की ते रंग स्वतःच झगमगू लागतात. तरुणपणी माझं केवढं कौतुक होई! पुढे नवी यंत्रं आली आणि लोक माझ्या खोक्यावर चहाचे कप ठेवू लागले.

मला विसरली नाही ती एकटी संशोधक ताई. तिचा रंग स्पिरिटमध्ये छान चमके, पाण्यात मात्र विझून जाई. पाण्यात त्याचे रेणू एकमेकांना चिकटून गठ्ठा करत ना! ताईने युक्ती काढली. कड्यासारखे पोकळ रेणू पाण्यात सोडायचे. ते यजमान. रंगाचा एकेक रेणू पाहुणा होऊन त्यांच्या पोकळीत बसेल, आणि मग या जोड्या आपोआप रांगा धरतील व पाण्यातही चमकतील.

पण पाहुणे काही बसेनात. शेवटी मोठे सर म्हणाले, "आज तपासणीला मंडळी येताहेत. पाणी चमकलं नाही, तर हा विषय बंद. आणि हा डबडा दिवाही भंगारात."

सरांची एक शिस्त होती. मिश्रणाची काचेची कुपी बघण्याआधी ती गदागदा हलवायची. सगळे निमूटपणे तसंच करत. त्या दिवशी ताईने कुपी माझ्यासमोर ठेवली, मला लावलं, आणि हलवणार तोच सरांची हाक आली, "अगं, मंडळी आली!" घाईत ती मला बंद करायलाच विसरली.

मंडळींचा चहा लांबला. इकडे पाण्यात एक हिरवी रेघ उजळली. मग दुसरी. मग अख्खी कुपी! आणि मी सांगणार कुणाला?

चहा आटोपून मंडळी माझ्यापाशी आली. ताईने खोक्याच्या झरोक्यातून पाहिलं, तेवढ्यात सरांनी सवयीने खोक्यात हात घातला.

"थांबा, सर!" ताई ओरडलीच. "हलवू नका. आधी बघा."

सरांनी डोळा लावला. "अरे बापरे!"

मग ताईने मुद्दाम कुपी हलवली. उजेड मावळला. ती ठेवून दिली, तसा हळूहळू परत आला. "हलवल्यावर रांगा तुटतात, सर. आपणच त्यांना बसू देत नव्हतो!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! विषय वाचला, मीही वाचलो. त्या झळाळीत माझाही वाटा होता, बरं का!

मित्रांनो, माझी काच बोटांनी माखवू नका आणि उतावळेपणा करू नका, एवढंच मागणं. आता कुणी नवखा कुपी हलवायला गेला, की सरच दारातून ओरडतात, "अरे, पाहुण्यांना बसू दे की!"