शिकारीच्या मोटारीतला धूर

संस्थान विलीन झालं आणि दरबारच्या मोटारी लिलावात गेल्या, तेव्हा बळवंत मिस्त्रीला वाटलं, आपल्यावरही कुणी बोली लावली असती तर बरं झालं असतं. मोटारखान्यात ज्याच्यापुढे दरबारचे ड्रायव्हर चळचळा कापत, तो आता जव्हारच्या बाजाराच्या टोकाला पत्र्याखाली सायकलींची पंक्चरं काढत होता. जीभ मात्र मोटारखान्यातलीच राहिली होती.

शिकारीची उंच चाकांची मोटार मोखाड्याच्या एका व्यापाऱ्यानं घेतली. मागे ताडपत्रीचं छत, मागच्या तोंडाला ताडपत्रीचाच पडदा. लक्ष्मण ड्रायव्हर तीतून नाशिककडे धान्य नेई, उतारू नेई आणि अडल्यानडल्याला आजारी माणसंही. त्र्यंबकच्या वाटेवर घाटमाथ्याशी वाघदेवाचा दगड होता. तिथे थांबून नारळ फोडायचा हा सगळ्याच ड्रायव्हरांचा रिवाज. चढावर मागच्या उतारूंची डोकी जड होत, कुणाला भोवळ येई, कुणी ओकत असे. वाघदेवापाशी उतरून पाया पडले की थोड्या वेळात सगळे ताजेतवाने. देव इतका रोकडा पावतो म्हटल्यावर शंका कोण घेणार?

पौषात दाभोशाच्या मंगळूनं बायकोला, सुकीला, त्या मोटारीत घातलं. मूल पोटातच गेलं होतं, तिचा ताप हटत नव्हता, आणि डॉक्टरांनी नाशिकला न्यायला सांगितलं होतं. धान्याच्या पोत्यांमध्ये तिला आडवं होण्यापुरती जागा केली. मंगळू पुढे लक्ष्मणशेजारी बसला. घाटात तो म्हणाला, "थांबू नको. देवाला परत येताना देऊ." लक्ष्मण थांबला नाही. त्र्यंबकला मागे जाऊन बघितलं तेव्हा सुकी गेलेली होती.

गावच्या भगतानं, देवजीनं, निकाल दिला: वाघदेवाला ओलांडून गेला, देवानं बाई घेतली, अशाच्या छपराखाली पोर ठेवू नये. सुकीची आई धोंडीबाई तीन वर्षांच्या नातीला, कमूला, आपल्या पाड्यावर घेऊन गेली. मंगळूनं अडवलं नाही, कारण त्यालाही ते पटलं होतं. सगळ्यात वाईट तेच.

दर बाजाराला धोंडीबाई बळवंतच्या दुकानासमोर भाजी घेऊन बसे, कमू तिच्याभोवती खेळे, आणि मंगळू लांब उभा राहून नुसता बघे. आपली सावली पडली तर पोरीलाही देव नेईल, अशी त्याला भीती. बळवंतला त्याची कीव येई, आणि कीव आली की त्याच्या तोंडातून शिवीच बाहेर पडे. "बाप आहेस की बुजगावणं?" असं तो एकदा ओरडला. मंगळू आणखी मागे सरकला.

होळीच्या आधीच्या बाजाराला लक्ष्मण मोटार घेऊन आला. चढाला दम नाही, सकाळी चालू केली की टकटक करते, आणि हल्ली त्याचंही डोकं ठणकतं.

"गरम झाली की टकटक जाते," तो म्हणाला. "म्हणजे विशेष काही नसावं."

"तुझी अक्कलपण गरम झाली की जाते का?" बळवंत म्हणाला.

इंजिनाच्या कुशीला बिडाचा जाड नळ असतो, मॅनिफोल्ड. जळका धूर त्यातून मागच्या नळकांड्यात जातो. त्यावर काजळीचे ओघळ उतरले होते. बळवंतनं इंजिन चालू ठेवून नळकांड्यात ओल्या गोणपाटाचा बोळा दाबून धरला. कोंडलेला धूर मॅनिफोल्डमधून फसफसत बाहेर आला. बोटभर चीर होती, आणि दोन बोल्ट तुटलेले. लोखंड तापून फुगलं की चीर थोडी मिटे आणि टकटक थांबे. चढावर जोर लागला की धूर पुन्हा सुटे, पण इंजिनाच्या गर्जनेत ते ऐकू कुणाला येणार?

मग त्यानं मागे चढून अंथरलेली पोती उचलली. मोटार विकताना दरबारनं बंदुका उभ्या करायची लोखंडी घोडी खोलून घेतली होती. तिच्या बोल्टांची भोकं तळाला तशीच उघडी होती. इंजिनाखालून मागे वाहणारा धूर त्यांतून वर येत होता. बळवंत खाली उतरला.

दुरुस्तीला हात लावण्याआधीच त्यानं समोरून धोंडीबाईला बोलावलं, मंगळूला दंडाला धरून आणलं, आणि दोघांना धूर दाखवला.

"हा बघा तुमचा वाघदेव. हा बंद जागेत साठला की माणूस झोपतो तो उठत नाही. देवापाशी लोक बरे होत ते खाली उतरून हवा मिळे म्हणून. मंगळूचा काही गुन्हा नाही. पोर त्याची त्याला दे, बाई."

"खरा सांगतोस, मिस्तरी?" मंगळूनं विचारलं. पौषानंतर पहिल्यांदाच त्यानं कमूकडे सरळ बघितलं.

बळवंत इथेच थांबायला हवा होता. पण राग अजून शिल्लक होता, तो लक्ष्मणवर निघाला. "आणि तू रे? मागचा पडदा उघडा असता तरी बाई वाचली असती. कुठल्या गाढवानं तो आवळून बांधला?"

मंगळू घाईघाईनं म्हणाला, "मीच बांधला. थंडी व्हती."

"तू ढिला बांधला व्हता," धोंडीबाई म्हणाली. "बाळंतिणीला वारा लागू नाय, म्हणून मी गाठी ओढल्या. मोटार चालूच व्हती. आतून ती म्हणं, आये, जीव कोंडतो. मी म्हटला, गप नीज."

"धुराचा तुला तरी कसा ठावा पडंल?" मंगळू म्हणाला.

तिनं कमूचा हात धरून मंगळूच्या हातात दिला. पोर आजीकडे ओढ घेत रडायला लागली. "ने हिला. माझ्यापाशी नको." मग बळवंतकडे न बघताच म्हणाली, "वाघदेव व्हता तवर बरा व्हता, मिस्तरी." भाजीची पाटी तिथेच टाकून ती दाभोशाच्या वाटेला लागली.

बळवंतनं मॅनिफोल्ड उतरवला. लोहाराच्या भट्टीत तो लाल करून चिरेत पितळ ओतलं, आणि बीड एकदम गार झालं तर तडकतं म्हणून रात्रभर राखेत पुरून ठेवला. तुटके बोल्ट कोरून काढले, नवं पॅकिंग कापलं, तळाच्या भोकांवर पत्रे ठोकले. बोळा लावून पुन्हा बघितलं, तर धुराची रेघही नाही. एरवी असं काम झालं की तो चार जणांना बोलावून दाखवी.

पुढच्या बाजाराला धोंडीबाई आली, रिकाम्या हातानं. मोटार अजून दुकानापुढेच होती. तिनं इंजिनावरचं झाकण उघडायला लावलं. वाकून बघितलं, पितळेच्या बोटभर पिवळ्या रेघेवर हात फिरवला.

"इतकाच व्हता?" तिनं विचारलं.

"इतकंच," बळवंत म्हणाला.