दोन हजार फूट

मेरेटेने झापड डोळ्यांवर ओढून घेतलं. आता विमानाच्या खिडकीबाहेरची फ्योर्डची खाडी दिसेना. दिसत होती ती फक्त समोरची यंत्रं.

“घोड्यांना बांधतेस ना? बघ कसं वाटतं ते,” शेजारच्या आसनावरून आस्गर म्हणाला.

“घोडे शेजारी बसून बडबडत नाहीत.”

मेरेटे गुरांची डॉक्टर. गेल्या हिवाळ्यात धुक्यामुळे तिला विमान काढता आलं नाही, आणि बेटावरची अडलेली गाय गेली. तेव्हापासून नुसती यंत्रं बघून उतरायला शिकायचंच, असं तिने मनावर घेतलं होतं. परीक्षक उद्या यायचे होते. त्याआधी अर्जावर शिक्षक म्हणून आस्गरची सही हवी. नाहीतर परीक्षा थेट वसंतात, म्हणजे धुकं सरल्यावर.

क्लबाचा नियम साधा होता: हवेत चुकलात तर दुसऱ्या दिवशी घरी केलेला केक आणायचा. भिंतीवरच्या फळ्यावर नावांपुढे खडूच्या रेघा असत. मेरेटेच्या चौदा होत्या. आस्गरच्या नावापुढे एकवीस वर्षांत एकही नव्हती, आणि आल्यागेल्याला तो फळा दाखवायची जबाबदारी त्याने आपणहून घेतली होती.

रेडिओवर विमानतळाच्या मनोऱ्यातली सिग्ने बोलली, “हवेचा दाब आता नऊशे अठ्ठ्याण्णव. दोन हजार फुटांवर राहा.”

मेरेटेने आकडा परत म्हणून दाखवला आणि आपल्या उंचीमापकाचं बटण फिरवून तो लावला. दाब बदलला की हे करावंच लागे, नाहीतर सुई चुकीची उंची दाखवे. आस्गरपुढे त्याचा वेगळा उंचीमापक होता. पण तो तेव्हा तिच्या चौदाव्या केकात वेलची कशी जास्त झाली होती ते सांगण्यात गुंतला होता.

“तीनशे फूट वर आहेस,” तो एकदम म्हणाला. “खाली ये.”

मेरेटेची सुई बरोबर दोन हजारांवर होती. तिने सुईचा विचार केला, मग त्याच्या एकवीस वर्षांचा केला, आणि विमानाचं नाक खाली केलं.

एकोणीसशे. अठराशे.

तिचा हात थांबला.

“आस्गर, दाब किती सांगितला?”

“नऊशे अठ्ठ्याण्णव.”

“तुझ्या उंचीमापकावर किती आहे?”

आस्गरचा हात आपल्या उंचीमापकाच्या बटणाकडे गेला. उत्तराची वाट न बघता मेरेटेने विमान वर घेतलं.

“आलात परत दोन हजारांवर?” सिग्ने रेडिओवर म्हणाली. “मी हाक मारणारच होते. म्हटलं, मासे धरायला निघालात की काय!”

क्लबात कॉफी ओतताना आस्गर सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “मुद्दाम केलं होतं मी. म्हटलं बघू तरी, पोरगी सुईवर विश्वास ठेवते की म्हाताऱ्यावर.”

सेहेचाळीस वर्षांच्या पोरीला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तिने खडू उचलला आणि आपल्या नावापुढे पंधरावी रेघ ओढली.

“दोनशे फूट मी उतरले. ते माझेच. सहीचं काय?”

“सकाळी बघू,” तो कपात बघत म्हणाला.

सकाळी साडेसातला ती सफरचंदाचा केक घेऊन आली, तर टेबलावर आधीच एक केक होता. मध्ये खचलेला, कडांना करपलेला. शेजारी तिचा अर्ज. त्यावर लोणी लागलेल्या बोटाचा डाग, आणि डागाच्या वर सही.

तिने फळ्याकडे पाहिलं. आस्गरच्या नावापुढे एक रेघ होती, अगदी बारीक, पण होती.

आस्गर पाठमोरा उभा राहून कप विसळत होता. कप एकच होता, आणि तो कधीचाच स्वच्छ झाला होता.

मेरेटेने सुरी चालवली. आत पीठ ओलंच होतं.

“जरा जास्तच तापला वाटतं ओव्हन.”

“बटण फिरवायचं राहून गेलं,” तो कपाला म्हणाला.

मेरेटेने करपलेली कड तोंडात टाकली, सावकाश चावून गिळली आणि दुसरा तुकडा कापायला घेतला.