एका सिस्टरमागे एक सुईण

सरस्वतीने रतनच्या नावापुढे बरोबरची खूण केली, लगेच ती खोडली आणि खुर्ची मागे सारून उठली. खिडकीपाशी गेली. खाडीला ओहोटी लागलेली. चिखलात बगळे एकेक पाय जपून टाकत होते. ती परत येऊन बसली. पुन्हा उठली. सकाळपासून हेच चाललं होतं, जिवाला कुणी भिंगरी लावून दिल्यासारखं.

"सिस्टर, खुर्चीत मुंग्या हायेत काय गो?" समोरच्या बाकावरून आवडाबाईने विचारलं.

बाकावर तिघी होत्या. बाळकुमच्या पलीकडच्या खाडीकाठच्या पाड्यांवर बाळंतपणं करणाऱ्या सुइणी. सत्त्याऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात ठाण्याच्या एका रुग्णालयाने नवी योजना काढली होती. प्रसूतिगृहातली एक जाणती सिस्टर, तिच्या हाताखाली एक सुईण, सहा महिने. सुइणीने शिकायचं आणि परत येऊन आपल्या पाड्यांवरच्या इतरांना शिकवायचं. या आरोग्य उपकेंद्राच्या वाट्याला एकच जागा आली होती आणि निवड करायची होती सरस्वतीने.

"रेकॉर्ड स्वच्छ असलेली बाई द्या," डॉक्टरसाहेबांनी सांगितलं होतं. "आज संध्याकाळपर्यंत कागद माझ्या टेबलावर हवा. सोमवारी तुमच्या बदलीवर सही करतोय मी. जाता जाता एवढं नीट करा."

बदली. सात वर्षं ती त्या एका शब्दाच्या वाटेकडे डोळे लावून होती. नोकरीच्या कागदावर मुक्काम उपकेंद्रात, जीव मात्र ठाण्यातल्या नौपाड्यात, घरी. तिथे दहावीतली लेक कुलूप उघडून एकटीच घरात शिरायची. आता तीन दिवस. फक्त तीन दिवस.

रतन सर्वांत तरुण, सातवी शिकलेली. प्रश्न संपायच्या आत तिची उत्तरं तयार.

"नाळ कापायच्या आधी काय करशील?"

"पातं वीस मिनिटं उकळणार. हात साबणानं धुणार, नखं कापणार."

"सातवी शिकली ना," आवडाबाई शेजारी बसलेल्या शेवंतीच्या कानाशी लागली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने. "पोर पाटीवर उतरवील आता."

"म्हातारे, तुझ्या वेळेला साबण तरी होता का?" रतन उसळली.

"नव्हता. तरी तू आयलीस ना धडधाकट? माज्याच हातावर आयलीस. आनि तो दामाजी, आता मिशांना पील देत हिंडतो, तो बी. पायालू व्हता मेला, तवापासनंच उलटा!"

रतनलाही हसू आवरलं नाही. सरस्वती हसली नाही. तिचं बोट कागदावरच्या रकान्यांवरून खालीवर फिरत होतं. हात तिघींचेही चांगले, हे ती जाणून होती. तिला हवी होती ती 'हे आता माझ्या हातातलं राहिलं नाही' असं वेळेवर म्हणू शकणारी बाई. ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

"दगावलेल्या माता?" तिने विचारलं.

"एक पन नाय," आवडाबाई म्हणाली.

"नाही," रतन म्हणाली.

शेवंती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. चाळिशीची, उंच, हाडापेराने मोठी बाई. हिचं नाव यादीत घालताना सरस्वतीचा हात आधीच अडखळला होता. गेल्या श्रावणातल्या अहवालावर सरस्वतीनेच स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: सुईण शेवंती हिने रुग्णास वेळेवर न पाठवल्याने मृत्यू.

"तुम्ही दोघी जरा बाहेर बसा," ती म्हणाली.

रतन उठली. आवडाबाईने गुडघ्यावर हात टेकत उठायला तिच्यापेक्षा दुप्पट वेळ घेतला आणि दाराबाहेरच्या पायरीवर बसून मिसरीची डबी काढली.

"शेवंती, तुझं सांग."

"एक," शेवंती म्हणाली. "मोरूची बायको, गोदी. तुला म्हाईत हाय."

"मला एवढंच विचारायचंय." सरस्वतीचा आवाज तिला नको होता तितका चढला. "तू उशीर का केलास? तिघींत तुझा हात सगळ्यांत हलका, हे मी सात वर्षं बघतेय. मग त्या दिवशी थांबलीस का? रात्री आठला रिक्षा शोधत होतीस तू. त्याच्या आधी का नाही कळलं तुला?"

शेवंतीने दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"कलला व्हता गो. तिचा अंग तापलेला, हाताला पोर आडवा लागत व्हता. मी सासूला तिच्यापाशी बसवला नि तुला बोलवाया धावत आयले."

"कुठे?"

"हितं. कंपनीचा पाचाचा भोंगा व्हायचा व्हता अजून. दार बंद व्हता."

सरस्वतीने पेन खाली ठेवलं. ते घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं. तिने ते अडवलं नाही, शेवंतीनेच हात पुढे करून धरलं.

श्रावणातला तो शुक्रवार होता. लेकीच्या शाळेत बक्षीस समारंभ होता, लेकीला निबंधाचं बक्षीस. साडेचारला कडी लावताना ती स्वतःशीच म्हणाली होती, आज कोण येणार आहे? दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वहीत तिने जाण्याची वेळ सहा लिहिली, आणि त्याच पेनाने गोदीचा अहवाल.

"मी लय हाका मारल्या," शेवंती म्हणाली. "पाठी पन जाऊन बघितला. मंग परत फिरले. रिक्षा गावता गावता रात जाली."

"घरी काय सांगितलंस त्यांना?"

"बोलले, सिस्टर दुसऱ्या पाड्याला गेली, बालंतपनाला."

"आणि नंतर? सगळे तुलाच बोलत होते. मोरू तर..."

"मोरू चार महिने माज्या दारावरनं गेला नाय. समोर दिसले तर थुकायचा." ती हे बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. "पोर वाचला ना पन. आता रांगतो."

"अगं, पण तू बोलली का नाहीस? माझं नाव घ्यायचंस!"

शेवंती तिच्याकडे बघत राहिली. एखाद्या पहिलटकरणीने खुळ्यासारखं काही विचारावं आणि सुइणीने तिच्याकडे बघावं, तसं.

"घेतला असता तर तुला काढली असती. तुज्या आधीची बाय गेली, तवा दोन वरसं हितं टाला व्हता. दोन वरसांत पाच बाया गेल्या, आवडामावशीला इचार. ती एक पन नाय बोलते, पन इचार एकटीला." तिने पेन टेबलावर सरळ ठेवलं. "एक दिवस दार बंद व्हता. रोजचा बंद जाला असता."

बाहेर आवडाबाई रतनला कुणाच्या तरी बारशाची गोष्ट रंगवून सांगत होती. पाचाचा भोंगा झाला. साहेब साडेसहापर्यंत बसतात. रतनचं नाव लिहायला एक ओळ पुरली असती. त्या नावापुढे कुठलाच रकाना भरायचा नव्हता. शेवंतीचं नाव लिहायचं तर मृत्यूची संख्या लिहायची, आणि संख्येच्या शेजारी चौकोन होता: कारण. तिथे खरं लिहिलं तर सोमवारची सही होणार नव्हती.

सरस्वतीने खोडलेला कागद बाजूला सारला आणि नवा घेतला. नाव लिहिलं: शेवंती. वय लिहिलं. संख्या लिहिली. चौकोनापाशी आल्यावर तिने पदराने तोंड पुसलं.

"मना घेतेस काय?" शेवंतीचा विश्वास बसत नव्हता.

"हो."

"आनि मी सा महिने ठान्याला, तवा पाड्यावर कोन? तू हायेस ना?"

सरस्वतीचं पेन चौकोनात टेकलं होतं. तिथे शाईचा एक ठिपका उमटला, फुगत गेला. मग अक्षरं आली, सावकाश, गिरवल्यासारखी: सुईण पाचच्या आधी उपकेंद्रावर आली होती. कर्मचारी उपस्थित नव्हती.

"आहे," ती म्हणाली, आणि खालच्या ओळीवर तिने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.